धरणाकाठी स्टुडिओ बांधला, पण खिडकी उलटीकडं

मी शाळेत चित्रकला शिकवते, दरवर्षी एलिमेंटरी-इंटरमिजिएटला पोरं बसवते आणि सुट्टी मिळाली की बोर्ड घेऊन लँडस्केप मारायला पळते. बरीच वर्षं डोक्यात एकच खूळ होतं, नाथसागराच्या, म्हणजे जायकवाडी धरणाच्या तळ्याच्या, काठाला एक खोली पाहिजे आणि तिला पाण्याकडं ही भलीमोठी खिडकी. पैठणजवळ माझं आजोळ. १९६५ ला शास्त्रीजींनी जायकवाडीची पायाभरणी केली, १९७६ ला इंदिराबाईंनी उद्घाटन केलं आणि मधल्या वर्षांत आजोबांची निम्म्याहून जास्त जमीन पाण्यात गेली. उरलेला तुकडा मामेभाऊ कसतो, आम्ही सगळे त्याला दादा म्हणतो. त्यानंच सांगितलं की बांधाच्या वरच्या कोपऱ्यात काय पिकत नाही, तिथं बांध तुझी खोली.

सातबारा, मोजणी, धरणासाठी घेतलेल्या जमिनीच्या हद्दीचे दगड शोधणं हे सगळं केलं, त्यात दोन महिने गेले, ते सांगत बसत नाही. दगडाच्या खाली, म्हणजे पाण्याच्या बाजूला, काही बांधायचं नाही एवढं पक्कं लक्षात ठेवा. खरी गंमत पुढं झाली.

आधी जमीन. आमच्याकडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून अशा भेगा पडतात की हात आत जातो, तिच्यावर सरळ भिंत उभी केली तर वर्ष-दोन वर्षांत तडे पडणारच. मिस्त्रीनं कंबरेएवढी काळी माती उकरून काढली, मुरूम भरला, पाणी मारून चोपला, मग प्लिंथ. बारा बाय सोळाची खोली आणि वर पत्रा. पत्रा ही माझी चूक. मे महिन्यात आत बसलं की भाकरीसारखं दोन्ही बाजूंनी भाजून निघतो माणूस, आणि पाऊस सुरू झाला की फोनवर बोलता येत नाही. नंतर खालून थर्माकोलचं सीलिंग मारलं, थोडा फरक पडला, लई नाही.

आता खिडकी. आम्ही धरणाच्या उत्तर काठाला, म्हणजे पाणी दक्षिणेला. मला पाणी बघायचंय तर खिडकी दक्षिणेला, सरळ हिशोब. पण बांधायच्या आधी मी शहाणपणा केला, डिसेंबरात चार बांबू आणि ताडपत्री लावून तिथं आठ दिवस बसून बघितलं, आणि हे ज्याला कुणाला असली खोली बांधायचीय त्यानं कराच. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला खाली असतो, एकदा वरनं ऊन येतं आणि दुसऱ्यांदा पाण्यावरनं उसळून येतं. कागदावर लाटांची जाळी नाचायला लागते. सकाळी लावलेला राखाडी दुपारी बघितला तर भगवट, संध्याकाळी घरी ट्यूबलाइटखाली तोच हिरवा. रंगाचा काही भरवसाच राहिना.

म्हणून खिडकी उत्तरेला काढायची ठरवली, उजेड सारखा राहतो म्हणून चित्रकार पहिल्यापासून उत्तरेचाच उजेड घेतात. मिस्त्री दोन वेळा विचारून गेला, "मॅडम, पाणी हिकडं हाय, खिडकी तिकडं का काढायलात?" दादा तर गावभर सांगत फिरला की शहरात राहून ताईचं डोकं फिरलंय, तळ्याकाठी घर बांधून बाभळी बघत बसणार.

त्यात पुस्तकातला नियम आपल्याकडं अर्धाच लागू पडतो हे मला मे महिन्यात कळलं. ती पुस्तकं थंड मुलखातली, तिथं सूर्य कधी डोक्यावर येतच नाही. आपल्याकडं मेच्या तिसऱ्या आठवड्यात शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर, आणि तिथनं जुलैच्या शेवटापर्यंत भर दुपारचा सूर्यसुद्धा आपल्या उत्तरेला असतो! सकाळी आणि साडेचारनंतर तिरपं ऊन थेट माझ्या उत्तरेच्या खिडकीतनं आत. शेवटी खिडकीच्या दोन्ही कडेला पत्र्याचे दोन-दोन फुटी उभे आडोसे ठोकले, घोड्याच्या डोळ्याला लावतात तसे. दिसायला भंगार दिसतं पण काम झालं.

बरं, तळ्याकाठी म्हणते खरं, पण तळं जाग्यावर राहतं कुठं. धरण भरलं की पाणी बांधाला लागतं आणि उन्हाळ्यात काठ एवढा लांब पळतो की पाण्याला हात लावायला अर्धा तास चालावं लागतं. पाणी मागं सरकलं की लोक त्या गाळात गहू-हरभरा पेरतात, गाळपेर म्हणतात त्याला. त्यामुळं एकाच जागेवर ऑक्टोबरात तळं, जानेवारीत हिरवं शेत आणि मेमध्ये भेगाळलेली जमीन. निळं पाणी मला क्वचितच दिसलंय. पुराचं पाणी चहासारखं येतं, थंडीत राखाडी-हिरवट होतं, मी अल्ट्रामरीन निळ्यामध्ये बर्न्ट सिएनाचा तपकिरी घालून भागवते.

आता पद्धत अशी बसलीय की छोटा बोर्ड घेऊन बाहेर वीसच मिनिटं बसायचं, पेन्सिलनं दोन रेघा, कडेला रंगाची नावं, आणि आत येऊन पाण्याकडं पाठ करून तीनशे जीएसएमच्या जाड कागदावर मारायचं. मार्चनंतर वारा एवढा कोरडा की आकाशाचा वॉश, म्हणजे पाण्यात पातळ केलेला रंगाचा थर, अर्ध्यात वाळून कड धरतो, म्हणून आधी कागद दोन्ही बाजूंनी भिजवते. आणि चिलटं! दिवा लावला की हजारोंनी येतात आणि बरोबर ओल्या आकाशातच बसतात. ओली असताना काढायला गेलं की पाय रंगात फरफटतात, वाळल्यावर ब्लेडनं खरवडलं की पांढरा ठिपका उरतो. माझ्या एका चित्रात लोकांनी ते ठिपके लांबचे पक्षी म्हणून कौतुक केलं, मी गप्प बसले.

पक्षी तसे खरेच येतात, १९८६ पासून अभयारण्यच आहे. थंडीत चक्रवाक, पट्टकदंब, नशीब असेल तर रोहित (फ्लेमिंगो), आणि बुडून वाळलेल्या झाडांवर पंख पसरून बसलेले पाणकावळे. पाणकावळा मला सोपा जातो, एका ब्रशच्या फटक्यात होतो. रोहित काढायला गेले की लग्नाची पत्रिका होते.

फेब्रुवारीत दादा चहा घेऊन आला. बोर्डवर अर्धं झालेलं तळं होतं, डाव्या अंगाला नुसतं सपाट पाणी. बराच वेळ बघत उभा राहिला आणि म्हणला, "हितं आपली विहीर होती." मी म्हणलं नक्की कुठं रे, तर त्यानं बोट टेकवून दाखवलं. वॉश ओला होता. बोटाचा ठसा मी पुसला नाही, तसाच वाळू दिला.