गॉलच्या रस्त्याने, समुद्राच्या कडेकडेने

श्रीलंकेच्या दक्षिण किनाऱ्यावर सायकलने जाण्याविषयी कोणी विचारले, की मी सर्वांत आधी ए-२ या महामार्गाविषयी बोलते, कारण नकाशावर तो मोठा मोहक दिसतो. कोलंबोहून निघालेला हा रस्ता कळुतरा, बेंटोटा, अंबलंगोडा, हिक्काडुवा अशी गावे घेत सुमारे ११६ किलोमीटरवर गॉलला पोहोचतो, पुढे मातरा, तंगल्ल आणि हंबनतोटापर्यंत किनारा धरून राहतो, आणि या साऱ्या वाटेत घाट म्हणावा असा एकही चढ नाही. तरीही कळुतरा ते हिक्काडुवा हा त्याचा भाग मी आजवर सायकल चालवलेल्या रस्त्यांपैकी सर्वांत त्रासाचा होता, आणि किनारा इतका सुंदर असताना तो तसा असावा, याचे वाईट अजूनही वाटते.

या त्रासाचे कारण बसगाड्या आहेत. दक्षिणेकडे जाणारा द्रुतगती मार्ग २०११ साली गॉलपर्यंत सुरू झाला आणि २०२० मध्ये हंबनतोटापर्यंत पोहोचला. त्यावर सायकलींना, मोटारसायकलींना आणि रिक्षांना बंदी आहे. लांब पल्ल्याच्या अनेक मोटारी तिकडे वळल्या असल्या, तरी गावोगावी थांबणाऱ्या बसगाड्या जुन्या रस्त्यावरच राहिल्या आणि प्रवासी मिळवण्यासाठी त्या एकमेकींशी शर्यत लावतात. मागून हॉर्न वाजतो, बस हँडलपासून हातभर अंतरावरून पुढे जाते, लगेच डावीकडे तिरकी घुसून थांबते, आणि दारात लोंबकळणारा कंडक्टर ‘गॉल, गॉल’ असे ओरडत असताना सायकलस्वाराने काय करावे, हे कोणीच ठरवलेले नसते. थांबावे तर मागची दुसरी बस अंगावर येते, आणि वळसा घालून पुढे जावे तर तीच बस मिनिटाभरात पुन्हा पाठीशी येऊन उभी राहते. साइडपट्टी कुठे वीतभर, कुठे अजिबातच नाही. माझा धाकटा भाऊ मागून येत होता. तो दर दहा मिनिटांनी ‘ताई, आत वळ’ असे ओरडे, आणि तेच खरे होते.

आत वळणे म्हणजे गावातल्या गल्ल्या शोधणे. रेल्वेचे रूळ कधी रस्त्याच्या समुद्राकडच्या बाजूला असतात, तर कधी रस्ता ओलांडून जमिनीकडे येतात. दोन्ही ठिकाणी रुळांच्या अंगाने वस्तीतून जाणाऱ्या अरुंद वाटा आहेत. त्या सलग नाहीत, मधूनच एखाद्या कुंपणाशी संपतात, आणि सायकल उचलून रूळ ओलांडावे लागतात. पण तिथे हॉर्न नाही. तिथे पाव विकणारी रिक्षा पियानोची धून वाजवत हळूहळू पुढे सरकत असते आणि शाळेतून परतणारी मुले पांढऱ्याशुभ्र गणवेशात आपल्या सायकलींना सोबत करतात. दिवसाकाठी चाळीस किलोमीटरही झाले नाहीत तरी चालेल, पण शक्य तिथे याच वाटांनी जावे, असे माझे ठाम मत आहे.

हिक्काडुवाच्या थोडे आधी पेरालिया लागते. इथे मात्र महामार्गावर यावेच लागले, आणि याच ठिकाणासाठी मी हे लिहायला बसले आहे. रस्ता समुद्राला इतका चिकटून जातो, की लाटेचे तुषार चष्म्यावर येतात. रूळ जमिनीकडच्या बाजूला, थोडे आत आहेत. २६ डिसेंबर २००४ रोजी, पौर्णिमेच्या दिवशी, कोलंबोहून मातराकडे निघालेली गाडी इथे उभी होती. सुमात्राजवळच्या भूकंपातून उठलेल्या त्सुनामीचे पहिले पाणी रुळांवर आले, तेव्हा गाडी हाच भक्कम आसरा समजून गावातली माणसेही डब्यांत चढली आणि डब्यांच्या आडोशाला उभी राहिली. त्यानंतरच्या मोठ्या लाटेने डबे उलथवून टाकले. किमान हजार, आणि अनेक अंदाजांनुसार सुमारे १,७०० माणसे त्या एका जागी गेली.

स्मारक आहे, आणि जपानी मदतीतून, अफगाणिस्तानातल्या बामियानच्या नष्ट झालेल्या बुद्धमूर्तीच्या धर्तीवर उभारलेली उंच बुद्धमूर्तीही आहे. मोटारीने येणारे तिथे उतरतात, फोटो काढतात आणि निघून जातात. सायकलवरून जे दिसते ते मात्र स्मारकाच्या अलीकडे आणि पलीकडे पसरलेले आहे. रस्ता आणि पाणी यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्ट्यात जागोजाग घरांची नुसती जोती उरली आहेत. एका जोत्यापाशी आम्ही सायकली टेकवल्या. वर चढायच्या दोन पायऱ्या शाबूत होत्या, लाल सिमेंटची घोटलेली जमीन अजून गुळगुळीत होती, आणि तिच्यावर चुलीसाठी बांधलेल्या ओट्याची रेषा स्पष्ट दिसत होती. जिथे न्हाणीघर असावे, तिथल्या भेगेतून केवडा उगवला होता. शेजारची विहीर जाळी टाकून झाकलेली होती. कुणी मुद्दाम जपलेले नव्हते आणि कुणी काढूनही टाकले नव्हते.

समोर शहाळी विकणाऱ्या माणसाने आम्हाला बोलावून सावलीत बसवले. मला तो ‘नंगी’, म्हणजे धाकटी बहीण, म्हणत होता, आणि केशरी शहाळे कोयत्याच्या तीन घावांत उघडून हातात देत होता. हे जोते त्याच्या थोरल्या भावाचे. त्सुनामीनंतर सरकारने या किनाऱ्यावर शंभर मीटरच्या आत घर बांधायला मनाई केली आणि पुढे ती शिथिल केली, हे मी वाचले होते. त्याने सांगितले ते इतकेच, की परवानगी मिळाली तेव्हा वहिनीने परत यायला नकार दिला आणि आता ते सगळे आत, भातशेतीपलीकडे राहतात. भाऊ मात्र अधूनमधून येऊन विहीर बघून जातो. दुसऱ्या शहाळ्याचे पैसे त्याने घेतले नाहीत. आम्ही बोलत असताना मागच्या रुळांवरून गॉलकडे जाणारी गाडी गेली, दारांत बसलेली मुले हात हलवत होती, आणि त्याने बोलणे न थांबवता त्यांना हात केला.

या भागातले पाणी इतके आत का शिरले, याविषयी संशोधकांनी एक कारण दिले आहे. जिथे चुन्यासाठी प्रवाळ खणून काढले गेले होते, तिथे लाट विनाअडथळा आत आली; जवळच्या हिक्काडुवात, जिथे प्रवाळभिंत राखली गेली होती, तिथे ती तुलनेने अडली. हिक्काडुवाच्या उथळ पाण्यात पोहताना मला त्या प्रवाळांकडे केवळ रंगीत माशांचे घर म्हणून बघता आले नाही. आज तिथे काचेच्या तळाच्या नावा दिवसभर प्रवाळांवरून फिरतात आणि पर्यटक त्यांवर पाय देऊन उभे राहतात. हे पाहून मला जो संताप आला, तो बसगाड्यांच्या संतापाहून मोठा होता.

गॉलचा किल्ला पाहिला. त्सुनामीच्या दिवशी तटबंदीने आतले शहर वाचवले होते, एवढे मनात राहिले.

गॉलच्या पुढे सायकलस्वाराचे दिवस पालटतात. कोग्गला आणि अहंगमाच्या मागे, महामार्गापासून दोन-तीन किलोमीटर आत गेले, की भातखाचरे, तळी आणि दालचिनीच्या बागा यांच्यामधून जाणाऱ्या छोट्या रस्त्यांचे जाळे आहे. किनाऱ्यावर पाण्यात रोवलेल्या काठीवर बसून मासे धरणाऱ्या कोळ्यांचे फोटो काढण्यासाठी पैसे मोजणाऱ्यांची गर्दी असते, आणि त्यांतले बरेचसे कोळी आता पर्यटकांसाठीच काठीवर चढतात. त्यांच्या पोटाला मी दोष देत नाही, पण त्या गर्दीत थांबावेसे वाटले नाही. आत मात्र एका पडवीत बायका जमिनीवर बसून दालचिनी सोलत होत्या आणि तिथे आम्ही ऊन कलेपर्यंत बसलो. आधी फांदीची वरची खरबरीत साल खरवडून काढायची, मग पितळी दांड्याने ती फांदी सगळीकडून घासायची, म्हणजे आतली साल सुटी होते; नंतर सुरीने उभे दोन छेद देऊन ती अखंड उचलायची. उचललेली साल एकात एक बसवत, आत बारीक तुकडे भरत हातभर लांबीची नळी तयार होते आणि ती सावलीतच वाळवली जाते. वयाने सर्वांत मोठ्या बाईंनी मला ‘दुव’, म्हणजे मुली, असे म्हणत दांडा हातात दिला. त्यांनी पाजलेल्या कोऱ्या चहाबरोबर गुळाचा खडा होता, आणि निघताना आमच्या बाटल्या विहिरीच्या पाण्याने भरून दिल्याशिवाय त्यांनी सोडले नाही. किनाऱ्यावरच्या महागड्या खानावळींत असे अगत्य आम्हाला कुठेही मिळाले नाही.

मातरा ओलांडल्यावर डोंड्राचे दीपगृह आहे, देशाचे दक्षिण टोक. तिथून थेट अंटार्क्टिकापर्यंत जमीन नाही. तंगल्लच्या पुढे मातीच्या गाडग्यांत म्हशीच्या दुधाचे दही विकणारी दुकाने रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लागतात. माडाची काकवी घातलेले ते दही हे दुपारचे जेवण म्हणून पुरेसे आहे.

हंबनतोटाच्या आसपास रस्ता अचानक चौपदरी आणि जवळजवळ रिकामा होतो. हवा कोरडी, झाडे खुरटी, मिठागरांची पांढरी किनार, आणि फेब्रुवारीत ईशान्येकडून येणारा वारा सरळ छातीवर. बस नाही, सावलीही नाही. या भागात संध्याकाळनंतर हत्ती रस्त्यावर येतात, म्हणून अंधारापूर्वी मुक्काम गाठावाच लागतो.

तिस्समहारामहून आम्ही किरिंदाला गेलो. खडकावरच्या स्तूपाशी उभे राहून समुद्र बघताना तिथली परंपरा ऐकली: कल्याणीच्या, म्हणजे आजच्या केलनियाच्या, राजाने एका निरपराध भिक्षूला मारले, समुद्र खवळून जमिनीवर चढू लागला, आणि त्याला शांत करण्यासाठी राजाची मुलगी नावेत बसून निघाली, ती याच किनाऱ्याला लागली आणि पुढे दुट्ठगामणी राजाची आई झाली. दोन हजार वर्षांपूर्वीच्या राजांची ही कथा आहे. पेरालिया पाहून आल्यानंतर मला तिच्यातला खवळलेला समुद्र अजिबात काल्पनिक वाटला नाही.

किरिंदाच्या पुढे किनारा सायकलला बंद आहे, कारण तिथून ‘याला’ नावाचे राष्ट्रीय उद्यान सुरू होते. पूर्व किनाऱ्यावरच्या ‘अरुगम बे’ या ठिकाणी जायचे तर कतरगाम आणि बुत्तलमार्गे मोठा वळसा पडतो, आणि कतरगाम ते बुत्तल या रस्त्यावर फळांच्या आशेने गाड्या अडवणारे हत्ती उभे असतात. आम्ही सायकली छोट्या टेम्पोत टाकून तो भाग पार केला आणि तसेच करावे.

आता मला विचारणाऱ्यांना मी मार्ग उलटा सुचवते. डिसेंबर ते मार्च या काळात तिस्समहारामहून सुरुवात करून पश्चिमेकडे यावे. वारा पाठीशी राहतो. शिवाय श्रीलंकेत वाहने डावीकडून चालत असल्याने या दिशेने येताना सायकल रस्त्याच्या समुद्राकडच्या कडेला असते आणि पेरालियाची जोती थेट हाताशी येतात. पेरालियानंतर कोलंबोकडे मात्र रेल्वेनेच जावे, आणि शक्य असेल तर समुद्राकडच्या दारापाशी जागा धरावी.