अजब बंगल्यात भाच्यासोबत

कागदोपत्री नाव मध्यवर्ती संग्रहालय. पण नागपुरात ऑटोवाल्याला 'सिव्हिल लाइन्स, अजब बंगला' म्हटलं की पुरे. सोमवारी बंद असतो, तेवढं ध्यानात ठेवा.

लहान मूल सोबत असेल तर प्राण्यांचं दालन आधी उरकून घ्यावं. नाहीतर देवांच्या मूर्तींपुढे उभं राहूनही 'मामा, प्राणी कुठी आहेत?' हेच ऐकावं लागतं. भाचा काचेला नाक लावून भुसा भरलेले प्राणी बघत होता आणि मी घड्याळ. कारण मला गाठायचं होतं गुंगेरियाचं तांबं.

बालाघाटकडच्या या गावात १८७० साली गुरं चारणाऱ्या पोरांना जमिनीतून तांब्याचं टोक वर आलेलं दिसलं. खणल्यावर निघाल्या तांब्याच्या ४२४ वस्तू आणि चांदीचे १०२ पत्रे. त्यातलं काही लंडनला गेलं, काही इथे राहिलं. कुऱ्हाडीची चपटी पाती बघून भाच्याने अचूक विचारलं, "मामा, याले भोक कुठी आहे? दांडा कसा बसवत असन?" लाकूड चिरून, त्यात पातं खोचून, वरून आवळत असतील, असं सांगितलं. त्याला फारसं पटलं नाही.

शिलालेख आणि ताम्रपट आम्ही भरभर पाहिले. खरं तर वाकाटकांसाठी, म्हणजे विदर्भावर राज्य केलेल्या त्या प्राचीन राजघराण्यासाठी, एकट्यानेच यायला हवं. रामटेकजवळची त्यांची राजधानी नंदिवर्धन आपल्याच जिल्ह्यातली, पण भुकेल्या पोराला ते कोण सांगणार?

बाहेर डबा खाताना हिस्लॉपची गोष्ट सांगितली. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजच्या नावातले तेच स्टीफन हिस्लॉप. मिशनरी, पण दगड, जीवाश्म आणि गोंडांची गाणी जमवणारे. मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांच्या काळात १८६३ साली हे संग्रहालय सुरू झालं, आणि त्याच वर्षी टाकळघाटची शिळावर्तुळं बघून परतताना हिस्लॉप नाल्याच्या पुरात बुडाले.

"दगडाचे गोल पाहाले गेले होते?" भाच्याचा घास थांबला. "आपल्याकडं आहेत का तसे?"

आहेत की, काटोल रोडने गेलं की जुनापाणीला. आता ताईला विचारून पुढच्या सुटीत तिकडे न्यायचं कबूल केलंय. पाण्याच्या दोन बाटल्या आणि टोपी लागेल, तिथे सावली नाही.