झाडावरचा मासा

परवा भर दुपारी केबलवाला आला. जळगावातला मे महिना, पारा ४४ ला टेकलेला, रस्त्यावर कुत्रंही नाही. त्याला वायर समोरच्या गच्चीवर न्यायची होती आणि मध्ये आमचा कडुनिंब. गड्याने सुतळीला लोखंडी नट बांधला, दोनदा गरगर फिरवला आणि सोडला. नट निंबावरून अल्लाद पलीकडे. पहिल्याच फटक्यात! मी गॅलरीत चहाचा कप धरून नुसता बघत राहिलो.

मला हे सोडणं आयुष्यात जमलेलं नाही.

मामाच्या गावाला गिरणा अगदी पायाशी. धाकटा मामा, त्याला सगळे जिभाऊ म्हणायचे, सुरतेला लूमवर कामाला होता. एका सुट्टीत तो भुसावळ पॅसेंजरने पाळधीला उतरला तो रीळवाली काठी घेऊनच. तोवर आम्ही पोरं बांबूला तंगूस, म्हणजे गळाचा चिवट दोरा, बांधून, त्यावर भेंडाचा तुकडा तरंगत ठेवून बसायचो. तंगूस काठीएवढाच, त्यामुळे त्यापलीकडचा मासा म्हणजे परगावचा. घरी आजीच्या गळ्यात माळ आणि नातवांच्या हातात गळ. धरलेला मासा उंबरा न ओलांडता परस्पर शेजारी जायचा.

जिभाऊचं फेकणं बघण्यासारखं असे. रिळाची तार उलटी पाडायची, तंगूस तर्जनीवर अडकवायचा, काठी खांद्यामागे. पुढे झटका दिला की शेंड्याचं शिसं जागचं हलायला कुरकुरतं (शाळेतलं जडत्व ते हेच) आणि काठीची मागे कमान होते. मग मनगट एकदम थांबवायचं. हात थांबला की कमान सरळ व्हायला धावते, नेमकं तेव्हा बोट उचलायचं. हात वीतभर हललेला असतो, शेंडा कितीतरी हात. वेग दुप्पट तर अंतर चौपट, आणि कोन ४५ अंशांचा, असं पुस्तक सांगतं. पण पुस्तकात वारा नसतो. गिरणेवर समोरून झळा यायच्या, जिभाऊ कोन कमीच ठेवायचा. पुस्तक त्याने पाहिलंही नव्हतं. "जोर नको, झटका," एवढंच.

मी बोट लवकर सोडलं, शिसं आभाळात. मग उशिरा सोडलं, पायापुढे डुबुक. तिसऱ्यांदा गळ मागच्या बाभळीत.

"काय रे भो, मासा झाडवर ऱ्हातस का?"

सगळा काठ हसला. गोफणीचंही तेच. ज्वारीच्या माळ्यावरून मी मारलेला धोंडा पाखरं सोडून सगळ्यांना लागायचा. एकदा तर बैलाला लागला. बैलाने मान वळवून माझ्याकडे जे पाहिलं, ते अजून आठवतं.

त्या डोहात आता उन्हाळ्यात वाळू असते. वरच्या धरणातून आवर्तन सुटलं तर चार दिवस पाणी. जिभाऊ सुरतेचाच झाला. त्या काठीचं काय झालं, विचारायचं राहून गेलं.

केबलवाला गेला तेव्हा पायरीवर हातभर नाही, चांगली दहा-बारा हात सुतळी उरली होती. नट माझ्या डब्यात होताच. घर झोपलेलं. गच्चीवर गेलो, दोनदा फिरवलं...

संध्याकाळी बायको अंगणातून वर बघत म्हणाली, "निंबावर ते काय लोंबतंय हो?"

"मासा," म्हटलं.