मियाटा, बर्फ आणि डिंकाचे लाडू: डेट्रॉईट ते कॉपर हार्बर

डेट्रॉईटच्या उपनगरांत आपली बरीच मंडळी पुण्या-पिंपरीकडून गाड्यांच्याच धंद्यात आलेली, त्यामुळे कुठल्याही कार्यक्रमात चहाचा कप हातात आला की गाड्यांवर मतं द्यायला कोणी मागे नसतं, आणि हिवाळ्याच्या बाबतीत तर सगळ्यांचं एकमत, की गाडी उंच पाहिजे, जड पाहिजे आणि ताकद चारी चाकांना पाहिजे. माझ्याकडे यातलं काहीच नाही. माझी माझदा मियाटा, दोन सीट, कापडी टप, वजन अकराशे किलोच्या आसपास, मॅन्युअल गिअर आणि ताकद फक्त मागच्या दोन चाकांना. असली गाडी नोव्हेंबरात झाकून गॅरेजमध्ये ठेवायची आणि एप्रिलात बाहेर काढायची असा इथला रिवाज आहे. मी ठेवत नाही. पाच महिने गाडी झाकायची तर बँकेनं पाच महिने हप्ता पण मागू नये ना!

तर या फेब्रुवारीत ती घेऊन वर गेलो. वर म्हणजे पार वर, मिशिगनच्या अप्पर पेनिन्सुलात, लेक सुपिरियरच्या काठी, होटनला. निमित्त भाचा, तो तिथे मिशिगन टेकला मेकॅनिकलमध्ये एमएस करतोय, आणि ताईनं पुण्याहून कोणाबरोबर तरी डिंकाच्या लाडवांचा डबा माझ्याकडे पाठवलेला. कुरिअर करतो म्हणलं तर "कुरिअरनं फुटतात रे, तूच नेऊन दे ना, जवळच आहे की." जवळच! एकच राज्य, पण आमच्या घरापासून होटन साधारण साडेपाचशे मैल, आणि त्याच्याही पुढचं कॉपर हार्बर तर इतकं लांब की डेट्रॉईटहून वॉशिंग्टन डीसी त्याच्यापेक्षा जवळ पडतं. बायकोला विचारलं येतेस का, तर म्हणाली तू जा, मी आणि माझी सीआरव्ही इथे सुखात आहोत.

निघायच्या आधी टायरबद्दल बोलतो, कारण माझ्या मते सगळा खेळ तिथेच आहे. समर टायरचं रबर सात डिग्रीच्या खाली कडक होत जातं, मग रस्ता कोरडा का असेना पकड कमी होते, आणि बर्फावर तर विचारूच नका. विंटर टायरचं रबर थंडीतही मऊ राहतं आणि त्याच्या गट्ट्यांवर बारीक बारीक चिरा असतात, त्या बर्फाला धरतात. टायरच्या बाजूला तीन शिखरांच्या डोंगरात बर्फाची चांदणी असं चिन्ह असेल तर तो खरा. मी १६ इंची रिमवर १९५ चे लावतो, म्हणजे उन्हाळ्यातल्या १७ इंची २०५ पेक्षा जरा अरुंद, कारण अरुंद टायर बर्फ कापून खाली जातो, रुंद टायर वर तरंगायला बघतो. पलीकडे कॅनडात क्युबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च विंटर टायर कायद्यानं सक्तीचे आहेत, मिशिगनमध्ये तशी सक्ती नाही, त्यामुळे लोक ऑल सीझनवर भागवतात आणि भरवसा फोर व्हील ड्राइव्हवर ठेवतात. माझं पोट ब्रेकवर चालतं, म्हणजे नोकरीच ब्रेकच्या टेस्टिंगची, त्यामुळे हे मी छातीठोकपणे सांगू शकतो: चारी चाकांना ताकद असली तर गाडी निघते लवकर, पण ब्रेक तर सगळ्याच गाड्यांना चारी चाकांवर असतात, थांबताना इंजिनची ताकद कुठे जाते याला कोणी विचारत नाही.

आय-७५ नं सरळ उत्तरेला. फ्लिंट, सॅगिनॉ, तोवर नुसता ओला काळा रस्ता आणि मिठाचं पाणी, वायपरचं लिक्विड संपत आलं. ग्रेलिंगच्या पुढे पांढरं सुरू झालं आणि गेलॉर्डला व्यवस्थित पडायला लागला. या भागातून पूर्वेला आत गेलं की अटलांटा नावाचं गाव लागतं, जॉर्जियातलं नव्हे, मिशिगनमधलं, तिथे हिवाळ्यात स्नो ड्रिफ्ट नावाची रॅली होते जंगलातल्या बर्फाच्या रस्त्यांवर आणि तीही टायरला खिळे न लावता. एकदा बघायला गेलो होतो. चारी चाकांना ताकद असलेले सुबारूवाले झूम करून जातात, पण लोक टाळ्या वाजवतात फक्त मागच्या चाकांना ताकद असलेल्या जुन्या गाड्यांना, कारण त्या प्रत्येक वळणाला आडव्या होऊन जातात, कधी कधी थेट बर्फाच्या ढिगात, मग चार प्रेक्षक धावत जाऊन ढकलतात आणि गाडी परत चालू.

मॅकिनॉ ब्रिजवर आलो तेव्हा वारा होता. मिशिगनच्या खालच्या भागाला अप्पर पेनिन्सुलाशी जोडणारा, १९५७ साली झालेला झुलता पूल, पाच मैल लांब, टोल फक्त चार डॉलर, आणि आतल्या दोन लेन चक्क उघड्या पोलादी जाळीच्या, खिडकीतून खाली बघितलं तर सामुद्रधुनी दिसते, बर्फाचे तुकडे तरंगत असलेली. जाळीवर टायर घूंऽऽ करतात आणि हलकी गाडी जराशी इकडेतिकडे चालते, म्हणून मी गुपचूप बाहेरच्या लेनमध्ये. १९८९ मध्ये जोराच्या वाऱ्यात एक छोटी युगो गाडी इथून कठड्यावरून खाली गेली होती, बिचारी चालक गेली, नंतर वेगही जास्त होता असं निघालं, पण लहान गाडीतून हा पूल ओलांडताना ती आठवण होतेच. ज्यांना फारच भीती वाटते त्यांची गाडी पुलाचे कर्मचारी स्वतः चालवून पलीकडे नेऊन देतात, हे मला फार आवडतं. हिवाळ्यात तारांवरून बर्फाच्या लाद्या पडायला लागल्या की पूल बंदच करतात, त्या दिवशी मात्र चालू होता.

पुलापलीकडे दुनिया बदलते. मीठ कमी, वाळू जास्त. साधारण उणे नऊच्या खाली मीठ फारसं काम करत नाही म्हणून इथे वाळू मारतात आणि रस्ता पांढराच ठेवतात, दाबून दाबून कडक झालेला बर्फ. नवख्याला हे बघून धडकी भरते पण खरं सांगू का, उणे बारा डिग्रीचा कोरडा दाबलेला बर्फ शून्य डिग्रीच्या पचपचीत चिखलापेक्षा कितीतरी बरा. शून्याला वर पाण्याचा पातळ थर असतो, तोच घसरवतो. यूएस-२, मग वर सेनी, आणि तिथून एम-२८ चा तो प्रसिद्ध सेनी स्ट्रेच, शिंगलटनपर्यंत पंचवीस मैल एकही वळण नाही, दोन्ही बाजूला दलदल आणि खुरटी झाडं. स्पोर्ट्स कारसाठी याहून कंटाळवाणा रस्ता जगात नसेल. समोरून लाकडाच्या ओंडक्यांचा ट्रक आला की मागे उडणाऱ्या पांढऱ्या धुरात चार-पाच सेकंद काही म्हणजे काही दिसत नाही, त्यात मियाटाची उंची अशी की ट्रकची चाकं माझ्या डोक्याच्या लेव्हलला. इथे स्टेअरिंग सरळ, अॅक्सिलरेटर होता तिथे, ब्रेकला पाय लावायचा नाही. पेट्रोल कधीही अर्ध्याच्या खाली जाऊ द्यायचं नाही, अडकलो तर हीटर त्याच्यावरच. हीटर मात्र झकास, केबिन इतकी छोटी की पाच मिनिटांत जॅकेट काढावं लागतं.

मार्केट नावाचं गाव आहे (हो, लिहितात मार्क्वेटसारखं), तिथे कॉफी, पुढे लान्स, बरागा आणि अंधार पडल्यावर होटन. भाचा खाली उभाच होता. गाडी बघून म्हणाला, "मामा, तू खरंच ही घेऊन आलास?" आणि मग लगेच "लाडू?" १३० लिटरच्या डिकीत फावडं, ओढायचा पट्टा, मांजराच्या शीचं भुस्सं (हे चाकाखाली टाकायला, हसू नका), ब्लँकेट आणि लाडवांचा डबा, माझे कपडे शेजारच्या सीटवर. काही लोक मागे वजन पाहिजे म्हणून डिकीत वाळूची पोती टाकतात. पिकअपला ठीक आहे, तिचं मागचं रिकामंच असतं. हिचं वजन मुळातच पुढेमागे निम्मं निम्मं, मागच्या चाकांच्याही मागे पोतं टाकलं तर घसरताना शेपूट अजून जोरात फिरतं.

त्या आठवड्यात कॉलेजचा विंटर कार्निव्हल होता. १९२२ पासून चालू आहे, पोरं महिनाभर बर्फाचे भलेमोठे पुतळे-महाल करतात आणि शेवटची रात्र जागून पूर्ण करतात. आपल्याकडच्या मंडपातल्या गणपतीच्या आदल्या रात्रीची आठवण येईल अशी धावपळ, फक्त उणे पंधरामध्ये. भाच्याच्या ग्रुपमधली मराठी पोरं लाडू घेऊन तिकडेच पळाली, डबा सकाळी रिकामा परत आला. ताईला सांगू नका, तिनं महिनाभर पुरवून खायला सांगितलेले.

रात्री फूटभर पडला. लेक सुपिरियर सहसा पूर्ण गोठत नाही, त्याच्यावरून वायव्येचा गार वारा येतो, पाण्याची वाफ उचलतो आणि किवीनॉच्या (होटन ज्यावर आहे तो द्वीपकल्प) टेकड्यांवर आणून टाकतो, म्हणून इथे सरासरीच वर्षाला दोनशे इंचांच्या वर, म्हणजे पाच मीटर. सकाळी हॉटेलच्या पार्किंगमध्ये बर्फ बाजूला सारणारा प्लाऊवाला येऊन गेलेला आणि माझ्या गाडीमागे गुडघ्याएवढी भिंत. इथे मागच्या चाकांचा दोष नाही, इथे पोटाचा प्रश्न आहे. गाडी जमिनीपासून पाचेक इंचच वर, त्याहून उंच बर्फात घातली की ती पोटावर बसते आणि चाकं हवेत फिरतात, मग चार चाकांना ताकद असती तरी चारी फिरली असती. भाचा आणि मी फावड्यानं काढतोय तेवढ्यात एक आजोबा आले, इथे यूपर स्कूप म्हणतात ते भलंमोठं ढकलायचं फावडं घेऊन, एक शब्द न बोलता पाच मिनिटांत वाट करून दिली आणि जाताना म्हणाले, "नाइस समर कार." उरलेलं काम: स्टॅबिलिटी कंट्रोल बंद (नाहीतर चाक फिरलं की तो ताकदच तोडतो), दुसरा गिअर, पुढे-मागे, पुढे-मागे झुलवत बाहेर.

मग भाच्याला घेऊन लिफ्ट ब्रिजवरून हॅनकॉक, कॅल्युमेट आणि यूएस-४१ नं कॉपर हार्बरकडे. हा पूल वर उचलला जातो जहाजांसाठी, आणि हिवाळ्यात सगळ्यात खाली उतरवून ठेवतात म्हणजे खालच्या डेकवरून स्नोमोबाईल जातात आणि वरून गाड्या. कॅल्युमेट एकेकाळी तांब्याच्या खाणींमुळे गबर होतं. खाणीत आलेल्या कॉर्नवॉलच्या लोकांनी आणलेली पास्टी, म्हणजे सारण भरलेली मोठी भाजलेली करंजीच, खाल्ली, मटण नाही गोमांस असतं म्हणून भाच्यानं भाजीची घेतली, आत बटाटा आणि रुटाबेगा (सलगमसारखा कंद), वर केचप घ्यायचं की ग्रेव्ही यावर इथे भांडणं होतात. मी ठेचा म्हणेन. गावाजवळच्या विमानतळाशेजारी मिशिगन टेकचं किवीनॉ रिसर्च सेंटर आहे, बर्फाचे मुद्दाम तयार केलेले ट्रॅक, एका बाजूची चाकं बर्फावर आणि दुसरी डांबरावर ठेवून ब्रेक मारायचे वगैरे, आमच्या धंद्यातले लोक इथे हिवाळे काढतात.

आणि शेवटचे मैल! डेलावेअर नावाच्या इथल्याच वस्तीच्या पुढे रस्ता झाडांच्या बोगद्यात शिरतो, अरुंद, वळणावळणांचा, वरखाली, सगळा पांढरा, आणि आमच्याशिवाय कोणी नाही. वेग ताशी पन्नास किलोमीटर, कधी चाळीस. उन्हाळ्यात याच गाडीत वळणाची मजा यायला जो वेग लागतो त्यानं पोलीस मागे लागतील, इथे तीच मजा रिक्षाच्या वेगात मिळते. वळणाआधी सरळ रस्त्यावरच ब्रेक, मग वळवायचं, पुढची चाकं धरतायत हे स्टेअरिंगमध्ये कळतं, मग अंगठ्याच्या दाबानं अॅक्सिलरेटर, आणि मागचं शेपूट हलकेच बाहेर यायला लागलं की आधी कमरेला कळतं, डोळ्यांना नंतर. तेव्हा पाय झटक्यात उचलायचा नाही. थोडा सोडायचा, नजर जिकडे जायचंय तिकडे, हात आपोआप उलटे फिरतात. खालच्या गिअरमध्ये टाकताना रेस देऊन क्लच सोडायचा, नाहीतर नुसत्या इंजिनच्या ब्रेकनं मागची चाकं अडकतात आणि गाडी फिरते, हे पुढच्या चाकांच्या गाडीवाल्यांना सहसा माहीत नसतं. भाचा सुरुवातीला दाराचं हँडल धरून बसला होता, नंतर "मामा, परत एकदा ते वळण."

मोहॉक गावाच्या उत्तरेला रस्त्याकडेला तो बर्फाचा थर्मामीटर आहे, उंचच्या उंच फळी, १९७८-७९ च्या हिवाळ्याचा ३९०.४ इंचांचा विक्रम दाखवणारी, जवळजवळ दहा मीटर, तिमजली इमारत. फोटो काढले. टप उघडून फोटो काढ म्हणून भाचा मागे लागला, पण एवढ्या थंडीत कापड आखडतं, ते ओढायचं नसतं. कॉपर हार्बरला गावातूनच परत फिरलो. पुढे फोर्ट विल्किन्सपाशी यूएस-४१ संपतो, तिथे पाटी आहे मायामी १,९९० मैल म्हणून, पण तो शेवटचा तुकडा ताज्या बर्फात पुरलेला दिसत होता आणि पोटाचं गणित सकाळीच झालेलं.

परतीला पुलाच्या अलीकडे गाडी वाळूनं तपकिरी, पलीकडे आल्यावर मिठानं पांढरी. आता दर रविवारी खालून पाण्याचा फवारा मारणारं कार वॉश, गंज लागू नये म्हणून चेसिसला लॅनोलिनचा स्प्रे आधीच मारलाय तरी. ताईचा फोन आला, पुढच्या वेळी चकली पाठवते म्हणाली, मी म्हणलं डबा चपटा पाठव, डिकीचं झाकण लागत नाही.