एकीला जाऊ, बाई?

पहिल्या दिवशी साडेअकराच्या सुमारास एकानं करंगळी वर केली. "बाई, एकी." मी म्हटलं, जा. तो उठला आणि त्याच्यामागोमाग सगळा वर्ग उठला. सतरा मुलं, भुदरगड तालुक्यातला जूनचा पाऊस आणि माझ्या हातात एकच छत्री. मुलांची मुतारी कुठली, मुलींची कुठली, कुणालाच ठाऊक नाही. दोघं तर पोषण आहाराच्या स्वयंपाकखोलीत जाऊन उभे राहिले. सगळ्यांना गोळा करून वर्गात आणलं, मोजलं, तर अठरा भरले. अठरावा दुसरीतला होता. गर्दी दिसली म्हणून आला होता.

लघवीला 'एकी' म्हणायची पद्धत कुणी काढली कोण जाणे. पण ज्यानं काढली त्यानं पहिलीचा वर्ग जवळून पाहिला असणार.

मी मुळात पहिलीची बाई नाही. एकोणीस वर्षांच्या नोकरीतली चौदा वर्षं शिष्यवृत्तीच्या वर्गात गेली. पूर्वी ती परीक्षा चौथीला असायची, मग पाचवीला गेली, तिच्याबरोबर मीही पाचवीला गेले. सकाळी जादा तास, सुट्टीत सराव प्रश्नपत्रिका, निकाल लागला की गावात बोर्ड. आमच्या कोल्हापूर जिल्ह्यात या परीक्षेचं वेड फार, त्यामुळे त्या वर्गाच्या बाईला मानही फार. ३१ मे २०२५ ला आमच्या पहिलीच्या बाई निवृत्त झाल्या आणि मुख्याध्यापक सरांनी वर्गवाटपात माझ्या नावापुढे 'पहिली' लिहिलं. मी दोन दिवस त्यांच्याशी नीट बोलले नाही. हे इथे कबूल करते, कारण ते काही हा ब्लॉग वाचत नाहीत.

१६ जूनला शाळा भरली. प्रवेशोत्सव झाला. ट्रॅक्टरला केळीचे खुंट आणि फुगे बांधून मुलांना गावातून फिरवून आणलं, दारात औक्षण केलं, कुंकवाच्या पाण्यात पाय बुडवून कागदावर ठसे घेतले, हातात नवी पुस्तकं दिली, शिरा दिला. फोटो काढले, आसपासच्या शाळांच्या केंद्राच्या ग्रुपवर टाकले. फोटोत सतरा मुलं हसताना दिसतात. दुसऱ्या दिवशी त्यातली नऊ रडत होती. पहिल्या दिवशी जत्रा असते, दुसऱ्या दिवशी त्यांना कळतं की हे रोजचं आहे. "बाई, घरला कवा जायाचं?" हा प्रश्न पावणेअकराला सुरू व्हायचा. अंगणवाडीची सवय असलेल्या पोराला पाच वाजेपर्यंत शाळा म्हणजे काय वाटत असेल, याचा मी इतक्या वर्षांत विचारच केला नव्हता. माझ्याकडे मुलं यायची तोवर त्यांचं रडून झालेलं असायचं.

आणि मी तयारी काय केली होती? पांढऱ्या कार्डशीटवर स्केचपेननं सात नियम लिहून भिंतीला लावले होते. रांगेत चला. हात वर करून बोला. दुसऱ्याची वस्तू घेऊ नका. बाजूला फुलं काढली होती. दोन दिवसांनी शेजारच्या वर्गावरचे सर आले, तक्ता बघून म्हणाले, "छान आहे. पण वाचणार कोण?"

हजेरीची गोष्ट तर याहून वाईट.

मुलांची शाळेतली नावं इथे लिहीत नाही, घरची लिहिते. ती प्रत्येक गल्लीत दोन-चार सापडतातच. तर आमचा दादू. पटावर त्याचं नाव भारदस्त, चार अक्षरी. मंगळवारी मी ते नाव तीनदा पुकारलं. उत्तर नाही. मी 'गै' लिहिलं आणि पुढे गेले. दुपारी भात वाढताना ताटं मोजली तर सतरा. पुन्हा मोजली, सतराच. गैरहजर मुलगा माझ्यासमोर बसून मटकीची आमटी ओरपत होता. विचारलं, "तुझं नाव काय रे?" म्हणाला, "दादू." "आणि शाळेतलं?" त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, की शाळेत यायला वेगळं नाव लागतं हे आधी सांगायला नको का?

एप्रिलमधल्या शाळापूर्व तयारी मेळाव्यात मीही टेबल सांभाळलं होतं. तिथे 'सामाजिक व भावनिक विकास' या रकान्यात दादूपुढे मीच बरोबरची खूण केली होती. तेव्हा आई शेजारी उभी होती आणि नाव तिनंच सांगितलं होतं.

मग मी हजेरी उलटी घ्यायला लागले. आधी घरचं नाव, मग शाळेचं. "दादू म्हणजे?" आणि सगळ्यांनी मिळून त्याचं पटावरचं नाव म्हणायचं. माऊ म्हणजे? सोन्या म्हणजे? वर्गात सोन्या दोन आहेत, म्हणून मुलांनीच एक 'टाकीजवळचा सोन्या' केला आणि दुसरा 'दुकानाचा सोन्या'. यात वीस मिनिटं जायची. पाचवीत वीस मिनिटांत मी गणिताचे दहा प्रश्न सोडवून घेतले असते, आणि पहिले काही दिवस ते दहा प्रश्न मला खरंच दिसत राहायचे. पण दुसऱ्या आठवड्यात एक गंमत झाली. दादूचं नाव पुकारलं, तो खिडकीतून म्हशी बघत होता, आणि माऊनं त्याला कोपरानं ढोसलं. "आरं, तू हायस त्यो." त्यानं वळून "हजर" म्हटलं. तेव्हापासून त्याचं ते नाव झालं.

याच दिवसांत टीव्हीवर रोज संध्याकाळी पहिलीच पहिली. पहिलीपासून तिसरी भाषा शिकवायची की नाही, यावर राज्यभर रण पेटलं होतं आणि २९ जूनला सरकारनं त्याबद्दलचे दोन्ही शासन निर्णय मागे घेतले. आमचे हे जेवताना विचारायचे, "काय गं, तुझ्या वर्गाचं यावर काय म्हणणं?" माझ्या वर्गाचं म्हणणं "बाई, ह्यो मला चिमटं काढालाय" एवढंच होतं. माझी अडचण पहिल्याच भाषेची होती. मी सवयीनं पुस्तकातलं बोलायची. "बाळांनो, इकडे या, गोलात बसा." मुलं नम्रपणे माझ्याकडे बघत राहायची. एकदा पायरीवर पाणी साचलेलं, एक पोरगी धावत निघाली आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, "आगं, पडशील की! हिकडं ये!" सगळा वर्ग गप्प. मग कुणीतरी हळूच म्हणालं, "बाईंस्नी येतंय." म्हणजे आपलं बोलणं बाईंना येतं. मी पलीकडच्याच खोऱ्यातली, येतंय म्हणजे काय! पण त्या दिवसापासून मला उत्तरं मिळायला लागली.

आता चपलांबद्दल लिहायलाच हवं. आमच्याकडे पावसाळ्यात सगळं गाव आठवडी बाजारातून प्लॅस्टिकच्या चपला आणतं. वर्गाबाहेर सतरा जोड, त्यांतले सात निळे, एकाच ढिगातले, मापात उन्नीस-बीस. पहिले आठ दिवस सुट्टीला नुसती मारामारी. एक जण दोन्ही डाव्या घालून घरी गेला आणि त्याची आई दुसऱ्या दिवशी माझ्यावर डाफरली. मी नंबर घातले, पावसानं पुसले. रिबनी बांधल्या, कुणीतरी सोडून केसाला लावल्या. मग नाद सोडला. तिसऱ्या सोमवारी बघते तर दुकानाचा सोन्या पायरीवर उकिडवा बसून चपला वाटतोय. एक उचलायची, उलटी करायची, तळ बघायचा आणि नाव घ्यायचं. "ही माऊची. टाच झिजलीया." "ही दादूची. ह्येला खिळा लागलावता." मी एक उचलून विचारलं, ही कुणाची? त्यानं बघितलंही नाही. "पट्ट्यात श्याण हाय न्हवं, मग वरच्या आळीची." वरच्या आळीतल्या मुलीनं चप्पल घेतली आणि ती गेलीसुद्धा. मला सतरा मुलांची नावं पाठ व्हायला आठ दिवस लागले होते. या पोराला चौतीस चपला पाठ होत्या.

रडणाऱ्या नवांतले आठ हळूहळू थांबले. नववा टाकीजवळचा सोन्या. त्याचे आबा रोज सोबत यायचे, धोतर, टोपी, खांद्यावर घोंगडं. पहिले दोन दिवस वर्गात, दाराशेजारी बस्करावर बसले. मुलांना वाटलं हेही पहिलीत आहेत. एका पोरीनं त्यांना खडू दिला. मग ते व्हरांड्यात गेले, मग पायऱ्यांवर. सोन्या दर पाच मिनिटांनी दारातून मान काढून बघायचा, टोपी दिसली की परत यायचा. मी आबांना म्हटलं, उद्यापासून नका येऊ, थोडा रडेल आणि राहील. त्यांना ते पटलं नाही.

२६ जूनला शाहू जयंती. शिक्षक म्हणून माझा आवडता दिवस, आणि आमच्या जिल्ह्यात तर घरचंच कार्य. प्रभातफेरी काढून आलो. पहिलीची रांग अर्थातच रांग नव्हती, एकमेकांच्या सदऱ्याला धरलेली माळ होती आणि ती देवळापाशी दोनदा तुटली. नंतर व्हरांड्यात मुलांना सांगितलं की शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, आणि जो पोराला शाळेत धाडणार नाही त्याला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. मुलांना दंड कळला नाही, रुपया कळला. आबा मागून म्हणाले, "बाई, मला दंड न्हाई बसायचा. मी पोराला तर धाडतोयच, वर आपुनबी येतोय." सगळे हसले, सोन्याही हसला. दहा दिवसांत तो पहिल्यांदा हसला होता.

त्याच्या पुढच्या सोमवारी आबा पायरीवर टेकले आणि सोन्या वर्गातून बाहेर गेला. मला वाटलं, झालं, आता घरी जायचं म्हणणार. तो त्यांच्यासमोर उभा राहून म्हणाला, "आबा, तुमी जावा आता. हितं चपला ठेवायच्या असत्यात." आबा उठले, घोंगडं झटकलं. माझ्याकडे बघून म्हणाले, "बघा." पुढे काही बोलले नाहीत. गेटपर्यंत दोनदा थांबून मागे बघत गेले. सोन्यानं काही बघितलं नाही. मीच बघत होते.

पालकांचं म्हणणं वेगळंच चाललेलं. "बाई, महिना होत आला, पोरगं अजून ग म भ न काढंना. नुसतं खडं मोजतंय आणि गाणी म्हणतंय." विद्याप्रवेश म्हणून पहिले बारा आठवडे खेळातूनच शिकवायचं असतं, हे मी समजावते. आया मान हलवतात आणि घरी जाऊन पोराचा हात धरून 'ग' गिरवून घेतात. मी त्यांना नावं ठेवत नाही. माझ्या मुलाच्या वेळी मी काय केलं होतं, ते मला आठवतं.

आता जुलै निम्मा होत आला. आषाढीची दिंडी झाली. दोन विठोबा, दोन्ही कमरेवरचे हात खाली घ्यायला तयार नाहीत, भात जेवतानासुद्धा. बेंदराला चिखलाचे बैल केले, बरेचसे म्हशीसारखे दिसत होते. एकीलाही आता सतरा जण उठत नाहीत. दोघं-दोघं जातात. हा नियम माझा नाही. मुतारीचं दार आतून बसत नाही, बाहेरून कुणीतरी धरावं लागतं, म्हणून त्यांनीच तो केला. दार दुरुस्त करून घ्या, असं मी सरांना सांगितलंय. पण फार मागे लागलेले नाही.

गेल्या बुधवारी मला केंद्रशाळेत प्रशिक्षणाला जावं लागलं. वर्ग दुसरीच्या बाईंनी सांभाळला. गुरुवारी मी खुर्चीवर बसून हजेरीपट उघडला, तर कुणी गप्पच बसेना. माऊ उभी राहिली. "बाई, तुमी काल आला न्हाईसा."

म्हटलं, हो, प्रशिक्षण होतं.

"म्हंजे गैरहजर." हा दादू. हा शब्द त्याला बरोबर माहीत आहे.

"हो रे बाबा, गैरहजर."

सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. मग टाकीजवळचा सोन्या मागून म्हणाला, "मग सांगून जायाचं न्हाई व्हय?"