तुम्ही विचारलंत म्हणून: वारीला कपडे कोणते न्यायचे?

जून उजाडला की हा प्रश्न येतोच: "आळंदी ते पंढरपूर चालायचंय, पाऊसही असणार आणि ऊनही. मग घालायचं काय?" बहुतेक जण फक्त पावसाची तयारी करतात आणि तिथेच चुकतात.

माउलींच्या पालखीची वाट सुमारे २५० किलोमीटरची. पुणे, दिवे घाट इथवर पाऊस चांगला भिजवू शकतो. त्यापुढे सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला मुलूख लागतो. फलटण, नातेपुते, माळशिरसकडे आषाढाच्या तोंडावरही ऊन भाजून काढतं आणि मधेच एखादी सर येऊन जाते. शिवाय मोठी पिशवी दिंडीच्या ट्रकमध्ये असते, ती हाती येते मुक्कामाला. दिवसभर अंगावर आणि खांद्यावर जे आहे, त्यातच भागवायचं.

सुती कापड उन्हात उत्तम. घाम शोषतं, सावकाश वाळतं, तोवर अंग गार राहतं. पावसात हाच गुण उलटतो: चिंब सुती कापड तासन्‌तास ओलं राहतं, जड होतं, मांड्यांना चिकटून घासतं. मांड्या सोलवटल्या की फोड नसतानाही पाऊल उचलवत नाही. म्हणून वर पातळ सुती किंवा टेरीकॉटचा सैल सदरा चालेल, पण धोतराच्या किंवा पायजम्याच्या आत गुडघ्यापर्यंतची घट्ट, ताणली जाणारी चड्डी हवीच. जांघेत व्हॅसलिन पहाटे निघतानाच लावा. कातडी लाल होण्याची वाट पाहू नका. साडी नेसणाऱ्यांनी ती घोट्याच्या चार बोटं वर नेसावी. परकराचा बारीक नाडा ओला झाला की कमरेला काचतो, त्याऐवजी रुंद पट्टी घालून घ्या.

रेनकोट मला पटत नाही. चालताना आत घाम साचतो आणि माणूस आतूनच भिजतो. प्लास्टिकचा साधा कागद, साधारण दोन मीटर लांब आणि दीड मीटर रुंद, डोक्यावरून घेतला की पाठीवरची पिशवीही झाकते, खालून वारा खेळतो आणि रात्री तोच अंथरुणाखाली घालता येतो. छत्री गर्दीत दुसऱ्याच्या डोळ्याशी जाते, घाटातल्या वाऱ्यात उलटते.

घाट चढताना अंग तापतं, तेव्हा स्वेटर घालू नका. माथ्यावर वारा लागताच घामेजलेला बनियन आधी बदला, मग शाल घ्या. उलट क्रमानं केलंत तर शालीतही हुडहुडी भरते.

मोज्यांचे तीन जोड घ्या. ओल्या मोज्यात कातडी मऊ पडते आणि फोड लवकर येतात, म्हणून दुपारच्या विसाव्याला जोड बदला आणि ओला पिशवीवर पिनेनं अडकवा. बूट वापरातलेच, पण अर्धा नंबर मोठे, कारण पाय सुजतात. रात्री त्यांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवा.

मुक्कामी कपडे पिळून कोरड्या पंच्यात गुंडाळा आणि पायानं तुडवा. निम्मी ओल तिथेच जाते. झोपायचा जोड वेगळ्या प्लास्टिक पिशवीत, तोंड बांधून ट्रकमध्येच राहू द्या. वाटेत कितीही भिजलात तरी तो दिवसा काढायचा नाही.