ह्यांची फसफसणारी गोळी

रोज सकाळी आमच्या स्वयंपाकघरात नासक्या अंड्याचा वास सुटतो. ह्यांची कफाची गोळी, ॲसिटिलसिस्टीन, ६०० मिलिग्रॅम. पाण्यात टाकली की फसफसते. उभी हयात टॉवेलच्या लूमवर गेली, छाती कायम भरलेली. कफाचे धागे गंधकाच्या गाठींनी एकमेकांत गुंतलेले असतात, ही गोळी त्या गाठी सोडवते आणि बेडका पडतो. गाठी म्हटल्यावर ह्यांना लगेच कळलं. वासही गंधकाचाच.

माझं दुखणं वेगळं. आधी पापण्यांवर जांभळट सूज, मग बोटांच्या सांध्यांवर लाल खवले. एका डॉक्टरांनी कलपाची ॲलर्जी ठरवून तीन महिने मलम चोळायला लावलं. (मी कलप लावत नाही, हे दोनदा सांगितलं होतं.) आमच्या सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत, सिद्धेश्वरांच्या लग्नाच्या अक्षता सोहळ्याला संमती कट्ट्याजवळ उभी होते. अक्षता टाकायला हात उचलला, तो खांद्याच्या वर जाईच ना. घरी वेणीसुद्धा सुनेने घातली. जमिनीवर बसले की उठवायला माणूस लागे. शेवटी रक्तात सीपीके, म्हणजे स्नायूंना इजा झाली की वाढणारं द्रव्य, चार हजारांवर निघालं आणि नाव कळलं : डर्मॅटोमायोसायटिस. स्नायू आणि कातडी, दोन्हींवर शरीराची स्वतःचीच चढाई. तेव्हापासून स्टेरॉइड, शनिवारी ही चढाई दाबणारी मेथोट्रेक्सेटची गोळी आणि ऊन वर्ज्य. सोलापुरात राहून ऊन वर्ज्य!

परवा फार्मसी शिकणाऱ्या भाचीने २०१७ सालचा फ्रेंच संशोधकांचा एक अभ्यास समजावून सांगितला. ह्या आजारात इंटरफेरॉन नावाचं द्रव्य उतू जातं. त्याने स्नायूंच्या पेशींतल्या ऊर्जेच्या भट्ट्या, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, बिघडतात. बिघडलेल्या भट्टीतून ऑक्सिजनची जहाल रूपं बाहेर पडतात आणि सूज आणखी भडकते. स्नायूंची अशीच सूज आणलेल्या उंदरांना त्यांनी ॲसिटिलसिस्टीन दिलं, तर भट्ट्या वाचल्या, सूज कमी झाली, ताकदही टिकली.

"मावशी, काकांचीच गोळी!"

ह्यांनी लगेच ग्लास पुढे केला. "अर्धं तू घे." इतक्या वर्षांत चहासुद्धा अर्धा दिला नव्हता.

खरं सांगते, हात गेला होता. ज्या पाकिटावरची तारीख मी दर महिन्याला तपासते, त्यातच माझंही औषध असेल, ह्या विचाराने रात्रभर झोप नव्हती. पण आधी माझ्या डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "वाचण्यासारखं आहे. पण ते उंदीर होते, काकू. माणसांवर सिद्ध होईपर्यंत तुमच्या गोळ्या बदलायच्या नाहीत, आणि मनाने काही जोडायचं नाही." मी मान हलवली. शनिवारची गोळी शनिवारीच.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. ग्लास नाकापासून लांब धरून हे म्हणाले, "त्या उंदरांना हा वास चालला?"